फोटोपुरती नळी

३ नोव्हेंबर
आज कर्जतला रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून रुजू झाले. रुग्णवाहिका नवी, चालक दशरथ जुना. पहिल्याच चहाला त्यानं बजावलं, ईशानी मॅडम, कडावचा रस्ता मला पाठ हाय, तुमी फक्त मागं घट्ट धरून बसा. खोली छान मिळाली, हवा येते. दुपारी सगळं सामान काढून पाहिलं: अंबू बॅग, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, मास्क, घशात घालायच्या नळ्या. नळी श्वासनलिकेत बसली की अन्ननलिकेत, हे दाखवणारं यंत्र मात्र नाही. खालापूरच्या ऑफिसातल्या हेमचंद्र सरांकडे मागितलं. ते हसून म्हणाले, डोळे आहेत ना तुम्हाला?

७ नोव्हेंबर
सरांचा नवा नियम. हृदय बंद पडलेल्या प्रत्येक रुग्णाला नळी घालायची आणि नळीचा फोटो ग्रुपवर टाकायचा. मास्कनं भागत असलं तरी. फोटोसाठी छाती दाबणं थांबवायचं का, असं मी विचारलं. उत्तरादाखल अंगठा आला. दशरथ म्हणाला, आता पेशंटला सांगायचं, जरा हसा.

१२ नोव्हेंबर
कडावजवळच्या वाडीतला लडकू भात झोडताना खळ्यावरच कोसळला. बायको, जिजा, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दशरथ छाती दाबू लागला, मी मास्क लावून पिशवी. छाती वर येत होती. छान येत होती. तेवढ्यात सरांचा फोन, फोटो कुठाय?

दशरथला थांबवलं. मास्क काढला, नळी घातली, फोटो पाठवला. पिशवी दाबली. छाती हलली नाही. पोट फुगलं.

नळी काढून पुन्हा मास्क लावायचा, एवढंच करायचं होतं. पण फोटो गेला होता, त्यावर "शाब्बास" आलं होतं. गाडीत जिजासमोर लडकूचा भाऊ नामा छाती दाबत राहिला आणि मी पिशवी. रुग्णालयाच्या दारात, डॉक्टर यायच्या आत, मी नळी काढून खिशात घातली. डॉक्टरांनी लडकू गेल्याचं सांगितलं. अहवालात मी लिहिलं, नळी योग्य जागी.

जिजा दशरथला विचारत होती, दादा, छाती पडलेलीच, पोटच कसं फुगत व्हतं रं त्याचं?

१४ नोव्हेंबर
सरांनी तोच फोटो "आदर्श" म्हणून ग्रुपवर टाकलाय. वीस तारखेला खालापूरला प्रशिक्षण, तिथे सगळ्या गाड्यांच्या डॉक्टरांना हाच दाखवणार. डोकं फिरलं माझं. मेलेल्या माणसाचा घसा भिंतीवर लावणार! फोन करून फोटो काढा म्हटलं. त्यांनी कारण विचारलं. मी फोन ठेवला. त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

१५ नोव्हेंबर
सकाळी गाडी धुताना दशरथनं हाक मारली. हुकाला अडकवलेली पिशवी आपोआप दबत होती. दबायची, फुगायची. मिनिटाला दहा वेळा, आम्हाला शिकवतात तितक्याच. त्यानं ती पेटीत टाकून झाकण लावलं. आवाज येतच राहिला.

१७ नोव्हेंबर
पिशवी दबली की माझं पोट फुगतं. आरशासमोर उभी राहून पाहिलं. छाती हलत नाही. दशरथ म्हणतो, मॅडम, जाऊन त्या बाईला खरं सांगा. मी त्याच्यावरच खेकसले. तो म्हणाला, माझ्यावर कशाला वरडता? नळी मी घातली नाय.

१८ नोव्हेंबर
श्वास वर येत नाही. घशात प्लास्टिकची चव. बोटं घालून पाहिलं — काही नाही. सरांचा फोन, परवा तयारी करून या, दोन शब्द बोला. शिव्या घालायच्या होत्या. आवाजच —

१९ नोव्हेंबर
दशरथनं पिशवी नदीत फेकली. दबतेच आहे. आता माझ्या आत —

उद्या चाळीस जण तो फोटो बघणार. चाळीस गाड्या. परत कुणाचा मास्क काढतील, कुणाची छाती दाबायची थांबवतील —

बोलता येत नाही. हात चालतोय. दशरथ, ही वही सरांना देऊ नकोस. आधी जिजाबाईंना वाचून दाखव. मग उद्या खालापूरला, सगळ्यांसमोर. अहवाल खोटा आहे. जिजाबाईंनी पाहिलं तेच खरं. मास्कनं लडकूच्या छातीत हवा जात होती. ती मी —