धन्याचं पाणी

८ मे १९८४, मंगळवार. भद्रावती.

आज दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासलं, काचेवर स्राव घेतला आणि सरळच सांगितलं, "ही उष्णता नाई बाई, परमा आहे, संबंधातून लागणारा रोग. इंजेक्शननं बरा होते. पण नवऱ्यालेही घ्या लागते, नाईतर तुमाले पुन्हा होते."

उष्णता! पाडव्यापासून मी उष्णताच समजत होते. लघवीला आग, अंगावरून पिवळं जाणं, ओटीपोटात कळा. उष्णता आहे, हे ह्यांनीच सांगितलं. माझं लोणचं बंद केलं, अंडी बंद केली आणि रोज सकाळी स्वतः भिजवलेल्या धन्याचं पाणी गाळून हातात दिलं. शेजारीण म्हणायची, नवरा असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं. मूर्ख मी.

वाटभर एकच काळजी, ह्यांना सांगू कसं? ड्युटीवरून आले. चहा दिला आणि मान खाली घालून म्हटलं, "तुमालेही इंजेक्शन घ्या लागते म्हणते."

बशीतला चहा फुंकत म्हणाले, "मी घेतलं ना मागंच. होळीच्या वक्ताले, नागपूरले."

"मंग मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले वाईट वाटलं असतं."

हा रोग कुठून आणला, ते विचारायचं राहूनच गेलं. होळीला! म्हणजे पाडव्याला मला धन्याचा पहिला पेला दिला, तेव्हा हे बरे होऊन बसले होते.

मी इथं लिहितेय आणि स्वयंपाकघरात डबा वाजतोय. हे उद्यासाठी धने भिजत घालून राह्यले.