गोळू जेवला

प्रिय सूनबाई,

नव्या खोलीच्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत, म्हणून तू तुझा गिनीपिग माझ्याकडे सोपवून गेलीस. गोळूचे मागचे पाय जन्मापासून लुळे. रोज त्याचं बूड कोमट पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं, कूस बदलायची. ते सगळं अंगवळणी पडलं. पण परवा त्यानं खाणंच सोडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मागचे दात वाढून जिभेला टोचताहेत. घासून देते, पण अंगात ताकद नाही. भूल सोसेल याची खात्री नाही देत. कोणाचा आहे हा?"

"माझ्या सुनेचा," मी म्हणाले.

माझा मुलगा शेजारीच उभा होता. तुम्ही वेगळे झालात, तरी त्यानं माझं बोलणं दुरुस्त केलं नाही. ऑफिस सोडून आला होता. गोळू शुद्धीवर येईपर्यंत बाकावरून हलला नाही.

तुला कळवलं नाही. नवी नोकरी टाकून धावत आली असतीस.

आज सकाळी सिरिंजनं पातळ खाणं भरवायला गेले, तर गोळूनं तोंड फिरवलं आणि वाटीतली काकडी ओढून घेतली. वर खूश झाला की मारतो तशी बारीक शिट्टीही मारली. मी फरशीवरच फतकल मारून बसले आणि रडता रडता हसत सुटले.

हे पत्र आता टाकत नाही. सरळ फोनच लावते. तो कुरूकुरू खातोय, ते तूच ऐक.

तुझी,
आई