कागदाची मागची बाजू

चिरंजीव खुडबुड्या यास,

ताईचे आशीर्वाद, नेहमीचे आणि वर चार जास्तीचे. (तू आता छप्पन्न वर्षांचा आहेस, डोक्यावर केस मोजके उरलेत आणि हाताखाली चाळीस माणसं आहेत, हे मला ठाऊक आहे. तरी माझ्या पत्रात तू चिरंजीवच राहणार.) आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा होता तसाच आहे. तुझ्या भावोजींचे कान आणखी थोडे गेलेत, पण सोयीचं तेवढं त्यांना बरोबर ऐकू येतं. तुझी पाठ कशी आहे ते कळव, आणि वहिनींना विचारून कळव, कारण तू खरं सांगत नाहीस.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात येईल. अरे, एकतीस वर्षं टेलिफोनच्या ऑफिसात बसून मी दुनियेची बोलणी जोडून दिली, आणि मला स्वतःला फोनवर बोलता येत नाही. तू ‘बोल ताई’ म्हणतोस आणि डोक्यातलं सगळं पळून जातं. मग मी विचारते हवा कशी आहे, तू हवा सांगतोस, तेवढ्यात मागून कुणीतरी तुला बोलवायला येतं. तू घरी आला नाहीस त्याला चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत आपण हवेच्या पलीकडे गेलेलो नाही. पत्र वाचताना तुला कुणी बोलवायला आलं तरी पत्र जागच्या जागी राहतं.

तर कॉम्प्युटर. तीन खोक्यांतून तुझ्या जुन्या मशीनचे सगळे अवयव सुखरूप पोचले. सोबत तुझी चिठ्ठी होती, की ताई, तू रेडिओ उघडून परत जोडायचीस, हेही जोडशील, मग दर रविवारी पडद्यावर भेटत जाऊ, म्हणजे एवढ्या लांब यायची दगदग वाचेल. (शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचायला तुझ्या भावोजींना दिलं.) आणि एक सुधारणा. रेडिओ तू उघडायचास, जोडायचं माझ्या गळ्यात पडायचं. दर खेपेला एक स्क्रू उरायचा आणि तरी रेडिओ वाजायचा.

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून मी सगळं मांडलं आणि दोन दिवस आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवलो. प्रोसेसरवर लावायच्या मलमाची नळी पाहून भावोजींनी विचारलं, हे गुडघ्याला चालतं का. चालत नसावं, पण त्यांनी थोडं लावून पाहिलं आहे. सगळं जोडून बटण दाबलं तर पंखा फिरला, पेटीने तीनदा पीं पीं केलं आणि पडदा काळाच्या काळा. मग कोपऱ्यावरच्या ‘डॉक्टर’ला गाठलं. (हा खरं म्हणजे मोबाइलची कव्हरं विकतो, पण कुठलंही यंत्र नेलं की आधी हात लावून ताप बघतो, म्हणून डॉक्टर.) त्याने जागेवरूनच निदान केलं, की मेमरीची पट्टी नीट बसलेली नाही, कट् आवाज येईपर्यंत दाबा. एवढ्या नाजूक वस्तूला दाबायला माझा हात धजेना. भावोजींनी घट्ट बरणी उघडतात त्या जोराने ती दाबली. कट् झालं आणि पडद्यावर उजेड आला. एक स्क्रू उरला, तो मी डबीत ठेवलाय.

खरं रामायण पुढेच आहे. ऑपरेटिंग सिस्टीम कशी घालायची याचे सात मुद्दे तू कागदावर लिहून पाठवले होतेस. अक्षर तेच, ओळी तशाच उजवीकडे खाली घसरलेल्या. आई गेल्यावर मी ऑफिसातून एका बाजूला छापलेले रद्दी कागद आणायचे आणि तू मागच्या बाजूला गणितं करायचास, आठवतं? कोरी बाजू वाया घालवलीस की माझ्याकडून धपाटा ठरलेला. तो कागद हरवू नये म्हणून मी चारी कोपऱ्यांना डिंक लावून कपाटाच्या दारावर चिकटवला आणि एकेक मुद्दा बोट ठेवून केला. पेन ड्राइव्ह लावला. मशीनने विचारलं, भाषा कोणती? मराठी. देश कोणता? सांगितला. नाव काय? तेही सांगितलं. मग एक निळी पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली. भावोजी खुर्ची टाकून शेजारी बसले आणि चौतीस, पस्तीस असे धावफलकासारखे टक्के वाचत राहिले. शंभर झाले, त्यांनी टाळ्या वाजवल्या, मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि त्याने विचारलं, भाषा कोणती?

असं अकरा वेळा झालं. मला आधी वाटलं माझी उत्तरं त्याला पटत नाहीत, म्हणून भाषा बदलून पाहिली, नाव बदललं, एकदा तर आपल्या शाळेच्या हेडबाईंचं नाव दिलं, की निदान त्यांना घाबरून पुढे जाईल. नाही गेलं. डॉक्टर घरी येऊन गेला. त्याने वायर बदलली, डिस्क काढून घातली, आतली बटणाएवढी बॅटरी पुसली, चहा घेतला आणि सांगितलं, तुमच्या मशीनला विसरण्याचा आजार आहे.

सातव्या खेपेला मात्र एक गंमत झाली. मशीन मुळात तुझं, तेव्हा त्याला तुझ्याच देशाची सवय असेल, म्हणून मी तुझा देश निवडला. तर कोपऱ्यातलं घड्याळ एकदम तुझ्या वेळेवर गेलं. इकडे आमचा दुपारचा चहा चाललेला आणि तिथे सकाळचे पावणेसात. म्हणजे तू आता उठला असशील, चष्मा शोधत असशील, तो डोक्यावर असेल. मी पुढचं बटण दाबलंच नाही. कप घेऊन तिथेच बसून राहिले. सात वाजले, साडेसात वाजले. भावोजींनी विचारलं, बंद करू का हे?

मी म्हटलं, ‘थांबा, तो अजून ऑफिसला निघाला नाही.’

त्यांना ते ऐकू आलं. त्यांनी कप उचलून नेले.

आता लपवून काय करू, मला तुझी फार आठवण येते. पडद्यावर दिसलास तर मला आवडेलच, दिसणं का कुणाला नको असतं. पण माणूस दुसऱ्यांदा वाढून घेतो की नाही, हे पडद्यावर कळत नाही. दार उघडायच्या आधी जिन्यात तुझं खोकणं ऐकू यायचं, तेही कळणार नाही. असो. आम्ही हात टेकले आहेत. यंत्र चालत नाही. पुढे काय करायचं ते तूच ठरव.

तुझी,
ताई

ता. क. – पत्र पाकिटात घालताना तो कपाटावरचा कागद खालून सुटलेला दिसला आणि मागे अक्षरं दिसली. तू आठवा मुद्दा मागच्या बाजूला लिहिला होतास. ‘मशीन पुन्हा सुरू होताना पेन ड्राइव्ह काढून घे, नाहीतर ते परत पहिल्यापासून विचारत बसेल.’ काढला. चार मिनिटांत मशीन सुरू झालं, पडद्यावर डोंगराचं चित्र आलं. कागद वाया घालवू नये हे तुला मीच शिकवलं होतं, तेव्हा बोलायला तोंड नाही.

ता. क. २ – वरचा मजकूर पुरता खरा नाही. कागद आज सुटला नाही, गेल्या मंगळवारी सुटला. मशीन मंगळवारपासून उत्तम चालतंय, आणि हे सगळं पत्र मी त्यानंतर लिहिलंय. तुला फसवायला निघाले होते, पण खोटं बोललास म्हणून तुला मारलेले धपाटे आठवले. मुख्य गोष्ट अशी, की आठव्या मुद्द्याखाली तू आणखी दोन ओळी लिहिल्या होत्यास. ‘जमलं तर रविवारी पडद्यावर भेटू. नाही जमलं तर राहू दे ताई, मी स्वतः येऊन करून देतो.’

ता. क. ३ – पेन ड्राइव्ह मी परत लावून ठेवलाय. मशीन बाराव्यांदा भाषा विचारतंय, विचारू दे. कागदही परत चिकटवलाय, या वेळी चारी कडांना डिंक लावून. भावोजींना सगळं समजावून सांगितलं, त्यांना काही ऐकू आलेलं नाही. उरलेला स्क्रू डबीत आहे, तो कुठला ते तुलाच माहीत.

नाही जमलं रे. ये.