फळीखालची टकटक

२ फेब्रुवारी
आलो एकदाचे! नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्यात. नळाला पाणी आहे, भिंतींना रंग आहे आणि खिडकीतून थेट रंगमंचाचं मागचं दार दिसतं. बायको म्हणाली, चला, आता कामावर उशिरा जायला तुला सबब उरली नाही. मंडळींनी आल्या आल्या माझं नाव ‘नवे’ ठेवून टाकलं. काम बदली नटाचं. मुख्य नट आजारी पडले तर त्यांची भूमिका मी करायची. ते कित्येक वर्षांत शिंकलेसुद्धा नाहीत, असं व्यवस्थापक हसत हसत म्हणाला. मीही हसलो. डोक्यावर छप्पर आहे, रोज रंगमंचाचा वास घ्यायला मिळतोय, आणखी काय पाहिजे!

५ फेब्रुवारी
मुख्य नटांना सगळे काका म्हणतात. त्यांची बायको, काकी, कपडेपट सांभाळते आणि सगळ्यांना धाकात ठेवते. नाटक शोकांतिका आहे. एक भला सेनापती राज्याच्या हावेपायी आपल्या राजाला मारून स्वतः राजा होतो, मग ते लपवायला आणखी माणसं मारत जातो आणि शेवटी बुरुजावरून कोसळतो. हे कोसळणं बघायला लोक पुन्हा पुन्हा येतात. काका प्रेक्षकांकडे तोंड करून बुरुजाच्या कडेवर उभे राहतात आणि डोळे मिटून मागे कलंडतात.
मागच्या अंधारात दोन गाद्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या, हे काम माझं. हाक मारली तर पहिल्या रांगेला ऐकू जाईल, म्हणून गाद्या लागल्या की खालून त्यांच्या पायाखालच्या फळीवर दोनदा टकटक करायची. ती काकांना तळपायाला कळते आणि ते स्वतःला सोडून देतात. भीती नाही वाटत, असं मी विचारलं. म्हणाले, खाली माणूस उभा आहे ना, मग कसली भीती?

१४ फेब्रुवारी
काका रोज तालमीच्या खोलीत माझ्याकडून भूमिका घोटून घेतात. स्वतःच्या डब्यातलं बळेबळे खायला घालतात. असा माणूस शोधून सापडायचा नाही. आज सेनापतीचं मोठं स्वगत मी सलग म्हटलं, तर उठून उभे राहिले. म्हणाले, लेका, माझ्यापेक्षा बरं म्हणतोस. घरी येऊन सांगितलं, तर बायको म्हणाली, चढलास हरभऱ्याच्या झाडावर! चढलो तर चढलो. आरशासमोर तेच स्वगत पुन्हा म्हणून पाहिलं. खरंच बरं होतं.

२० फेब्रुवारी
मोठ्या शहरातल्या कंपनीचे मालक सत्तावीस तारखेचा खेळ बघायला येणार आहेत. त्यांना नट हवाय. काका म्हणतात, या वयात मी कुठे जातोय? मग त्यांनी यायचं कशाला? मी अंधारात गाद्या लावत बसणार आणि ते बघून परत जाणार. काकांना सुचवून बघितलं, की एक दिवस मला करू द्या. ते हसले. म्हणाले, घाई काय आहे, तुझंच आहे सगळं.
गाद्या लावताना मनात आलं, नुसता पाय मुरगळला तरी पंधरा दिवस जातात. मनात काय, काहीही येतं.

२६ फेब्रुवारी, सकाळ
मिशी काढली. बायको म्हणाली, एवढी जपलेली, आज काय झालं? म्हटलं, सहज.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळ
काका पडले. दुपारच्या खेळात.
इथे तरी खरं लिहितो. एक गादी मी ओढून घेतली होती. वीतभर फट. पाय मुरगळावा, एवढंच मनात होतं, शपथ. मग टकटक केली. दोनदा, रोजच्यासारखी. त्यांनी लगेच स्वतःला सोडलं.
पाय नाही. मान गेली फटीत.
पलीकडे टाळ्या चालू होत्या. मी आधी गादी सरकवून नीट लावली आणि मगच ओरडलो.

२८ फेब्रुवारी
काल मी राजा होतो. मालक आत येऊन पाठ थोपटून गेले. अंगरखा काकींनीच कमरेत घेऊन दिला.
आज इस्पितळात गेलो. काका बोलत नाहीत, एक बोट सोडलं तर हलत नाहीत. मला बघून त्या बोटाने पलंगाच्या दांडीवर दोनदा टकटक केली. काकी डोळे पुसत म्हणाल्या, बघ, तुला आशीर्वाद देतायत.

५ मार्च
काका गेले. मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं. दोन्ही एकाच सकाळी.
बायकोला बोलावणं दाखवलं. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली.

७ मार्च
बुरुजावर टकटक कळली, पडलो. गाद्या लावणारा नवा माणूस पांढराफटक. म्हणाला, साहेब, गाद्या आत्ता टेकवल्या, मी अजून वाजवलंच नव्हतं.

९ मार्च
स्वयंपाकघरात उभा होतो. फरशीखालून दोनदा.
मग जिन्यावर, सगळ्यात वरच्या पायरीवर. अंग आपोआप मागे कललं. सवयच ती. कठडा हाताला लागला म्हणून—

१० मार्च
बायकोने विचारलंच. नाटकातल्या राजाला मिशी नसते, म्हणून काढलीस. पण काका पडायच्या आधीच, त्या सकाळी का?
सांगितलं. सगळं. रडलो. ती रडली नाही. म्हणाली, काकींना तू सांग, नाहीतर मी सांगते. म्हटलं, आधी नव्या कंपनीत जाऊ, मग बघू. ती म्हणाली, तू असा नव्हतास रे.
नव्हतो.

११ मार्च
रस्त्यावर. न्हाव्याच्या खुर्चीखाली. पलंगाखाली. कुठे पाय ठेवू—

१२ मार्च
आज टकटक नाही. सकाळपासून एकदाही नाही. बरं वाटायला हवं. वाटत नाही. कुणीतरी श्वास रोखून बसल्यासारखं घर.
बायको निघालीय. आधी काकींकडे, मग माहेरी. माळ्यावरची ट्रंक काढतेय. शिडीचा एक पाय आखूड, धरल्याशिवाय उभी राहत नाही. मीच धरून होतो. आत्ता सोडून टेबलापाशी आलो. तिला कळलं नाही.
ती वरून विचारतेय, धरलीयस ना.
हो म्हणालो.
उठायला हवं. चार पावलं तर आहेत. उठतो. पण ती काकींकडे गेली तर—
पेन खाली ठेव. ऊठ—
ट्रंक सुटली जागची. दोन्ही हातांत घेतलीय तिने. मागे बघत नाही. म्हणतेय, नीट धर हं, मी आता—