टाके माझे, दाढ तुमची

अहो,

मी मुलीला घेऊन आईसोबत माहेरी, तीर्थपुरीला चालले. सिझरला आज अकरावा दिवस आहे. टाक्यांतून पाणी येऊन राह्यलंय, ते तिथल्या डॉक्टरला दाखवते.

दवाखान्यातल्या सिस्टरनं तुमच्यासमोर सांगितलं होतं, "हिला गोळ्या वेळेवर द्या. सोबत अंग सैल सोडून, डोळे मिटून प्रार्थना केली तर दुखणं सोसवतं." तुम्ही तेवढी प्रार्थनाच ऐकली. मी गोळी मागितली की म्हणायचात, "श्वासाकडं लक्ष दे, भावना. दुखणं मनात असतं." माझं पोट वीतभर कापलंय हो. तरी मी बुद्धं सरणं गच्छामि, सगळं त्रिसरण म्हणत गेले, आणि खरंच जरा हलकं वाटायचं.

मंग काल तुमची दाढ ठणकली. दुसऱ्याला श्वास शिकवणाऱ्या गुरुजींनी माझ्या उरलेल्या दोन्ही गोळ्या गिळल्या. आज सकाळी विचारलं तर म्हणालात, "माझं दुखणं वेगळं आहे." तुम्ही शाळेत गेलात आन् मी आईला फोन लावला.

आई गोळ्या घेऊनच आली. एक दिली, पाठीला उशी लावली, मुलीला मांडीवर घेतलं. घडीभरानं मी डोळे मिटले. अकरा दिवसांत पहिल्यांदा वंदना पुरी झाली, मधे कण्हावं लागलं न्हाई.

स्वयंपाक केलेला न्हाई. घ्यायला येऊ नका, मला यायचं असेल तेव्हा मी कळवीन.

मुलीचं नाव उत्पला ठेवलंय. तुम्हाला विचारावं असं वाटलं न्हाई.

भावना