लाल तांदळाची ऑर्डर

६ मे
होमस्टेवाल्या बाईंचा परत फोन. बारा तारखेच्या लग्नाला दोनशे पानं, भात लाल राता तांदळाचाच हवा. कोलम चालेल का विचारलं. "कोलम तर आम्ही घरीच खातो हो!" वीस वर्षं केटरिंग करतेय, लोक माशाची चौकशी करायचे. आता भाताचं गाव विचारतात. माझ्याकडे जेमतेम दहा किलो.
दादाला फोन. राता त्याच्याच खाडीकाठच्या खारातला. "संपला गं, सुमे." मी म्हटलं, कसंही कर, शब्द दिलाय, अब्रू जाईल माझी. मग, "बघतो."

९ मे
दादाने गोणी पाठवली. म्हणजे होता की! हा माणूस पण ना.

१२ मे
लग्न झालं. राता शिजायला हट्टी, पण आज छान उतरला. नवऱ्या मुलाच्या आईने दुसऱ्यांदा मागून घेतला. कंबर मोडली. खूश.

२८ मे
माहेरी. वहिनी धड बोलेना. मागच्या दारी गाठून विचारलं तेव्हा, "वन्सं, तो बियाण्याचा भात व्हता. ह्यांनी मुडा सोडला नि गिरणीत नेला."
पेंढ्यात बांधलेला बियाण्याचा मुडा पेरणीशिवाय कुणी सोडत नाही. मला काय ठाऊक नव्हतं? पण विचारलंच नाही मी.
दादा हसण्यावारी नेतोय. "शांतारामकडनं आणीन वाढीदिढीनं. मण घ्यायचा, दीड मण फेडायचा. कुणाचं अडलंय आजवर?" तेही खरं. एका घरचं संपलं तर दुसऱ्या घरात असतंच.

३ जून
शांतारामकडे नाही. त्यानेही सगळा भरडून विकला, कुणा केटररलाच. आणखी दोन गावं पालथी घातली. एक म्हातारी म्हणाली, "यंदा समद्यांचा तुमीच नेलात."
तुमीच, म्हणजे आम्ही जेवणवाले. लाज वाटली. दादा शेजारी उभा होता, त्याच्याकडे बघवेना.

१० जून
डब्यात दोनेक किलो राता उरलाय. टरफल निघालेला तांदूळ, रुजणार कुठून. तरी मूठभर ओल्या फडक्यात बांधून ठेवला होता. आंबला. येडी मी.

१९ जून
दादाने दुकानातलं पांढऱ्या तांदळाचं बियाणं पेरलं. "खाऱ्या पाण्यात टिकतंय का बघू." मला रडू आवरेना. म्हटलं, शिव्या तरी दे रे.
"तुला न्हाय कसा म्हणणार? आई गेल्यापासनं पयल्यांदा काय मागितलंस." मग, "पाव्हण्यांना आवडला ना भात?"
आवडला म्हटलं. अजून काय म्हणणार.

२१ जून
होमस्टेवाल्या बाईंचा मेसेज. डिसेंबरात लग्न, तीनशे पानं, तोच लाल भात. "तुमच्या भावाच्या शेतातलाच ना?"
दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं.