चांगोकाकाचा ठराव

प्रिय भाविका,

तब्येत बरी असेल, आणि नसली तरी तू सांगणार नाहीस, हे धरूनच लिहायला बसलेय. फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसशील. हस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. आधी बातमी सांगते. आपलं घर शांत झालंय. शनिवारीसुद्धा! खरं वाटत नसेल तर पुन्हा वाच.

दिवाळीला तू चांगली आठवडाभर राहायला आली होतीस. नुकते दिवस गेलेले, पोटात पाणी ठरत नव्हतं. आणि शेजारी चांगोकाकाच्या बंगल्यावर भाड्यानं पार्टी उतरली. स्पीकरनं आपल्या मांडणीवरची भांडी थरथरत होती आणि तू मागच्या पडवीत कपाळ धरून बसलीस. सकाळी उठून म्हणालीस, ह्यांची ड्युटी बदलली, निघते. रसायनीच्या कारखान्यात जावईबापूंची ड्युटी कशी बदलते ते मला ठाऊक नाही, पण तुझा चेहरा मला वाचता येतो. मी डबा भरून दिला. बंगला परक्याचा असता तर पदर खोचून भांडले असते गं. सख्ख्या दिराशी काय भांडू? तुझे बाबा तर भावाचं नाव निघालं की बैलांना पाणी दाखवायला उठतात. बैल विकून किती वर्षं झाली ते तूच सांग.

पण पुढे नदीवर कपडे धुवायला जाणंही बंद झालं. पाहुणे तिथे उघडेबंब पोहणार, वर आमचेच फोटो काढणार. मग आम्ही बायकाच ग्रामसभेत जाऊन बसलो. भाड्यानं देण्याच्या प्रत्येक बंगल्याची पंचायतीत नोंद, माणसं किती ते आधी ठरलेलं, गावातला एक जण कायम तिथे हजर आणि दिवेलागणीनंतर स्पीकर बंद, एवढंच मागितलं. दोनदा मोडलं तर नोंद रद्द. झालं, तुझा काका ताडकन उठला. म्हणाला, "आमालाच नियम नि बाकीचे मोकळे? लावायचा तर आख्ख्या गावाला लावा, माज्या घरापासून!" त्याला वाटलं, गाव कचरेल. गावाला वाटलं, बरा सापडला. सगळे हात वर. ठराव पास. लगीनसराई तोंडावर आलीय आणि आपल्याकडे हळद म्हणजे रात्रभर डीजे, हे हात वर करताना एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आणि त्या ठरावानंतर गावात पहिली हळद कोणाची, तर चांगोकाकाच्या कमलेशची!

तू येऊ शकली नाहीस, म्हणून सगळं सांगते. नेरळहून डीजेचा टेंपो आला, भिंतीएवढ्या पेट्या लादून. बाकीचे बंगलेवाले काकाच्या भोवती जमले, गोड गोड बोलत. एक दिवसानं काय होतं, आपल्याच घरचं कार्य, वाजवा बिनधास्त. काकाला कळलं. आज त्याच्या मांडवात वाजलं की उद्या साऱ्या बंगल्यांवर वाजणार, आणि नाव त्याचं घेऊन. "माजाच ठराव नि मीच मोडू?" असं म्हणून त्यानं टेंपो मागे फिरवला. कमलेश दोन घास जेवला नाही. आणि मग जनीआजी गायली. आपली धवलारीण गं, लग्नात धवल्यांची गाणी म्हणणारी. आजवर मांडवाच्या कडेला तिचे नुसते ओठ हलताना दिसायचे. त्या संध्याकाळी तिचं गाणं ऐकू आलं. मला वाटलं होतं मी धवले विसरले, पण तिच्यामागे म्हणत गेले तशी एकेक ओळ तोंडात येत गेली. मी रडले, उगाच लपवत नाही. कमलेशचे मित्र आधी फुगून बसले, नंतर त्यांनी ढोलकी आणली. ठरावात स्पीकर लिहिलाय, ढोलकी कुठे लिहिलीय?

पण खरी गंमत पुढे झाली. आता कुठल्याही बंगल्यावरून दिवेलागणीनंतर जरा आवाज आला की तुझा काका चपला घालून तिथे हजर. पाहुण्यांना एकच वाक्य ऐकवतो, "माज्या पोराच्या हळदीत वाजलं नाय, तुमचं काय वाजतंय?" की लगेच स्पीकर बंद! सगळं आलबेल आहे असं म्हणत नाही. गाड्या अजून वाटेत आडव्या लागतात, शेतात बाटल्या सापडतात, एका बंगलेवाल्यानं नोंदही अजून केलेली नाही. पण नदीवर आम्ही पुन्हा जातो, आणि शनिवारी रात्री मी चक्क झोपते.

तर भाविका, आता लिहिते ते पुरं वाच. परवा फोनवर तू म्हणालीस, दवाखाना इथे जवळ आहे, बाळंतपणाला इथेच राहते. मी बरं म्हटलं आणि तांदूळ निवडायला बसले, पण एक खडा दिसला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं असं तुलाही वाटतंय, आणि घर तसं नाही म्हणून तू मला सांभाळून घेतेयस, हे मला कळत होतं. आता तसं काही राहिलं नाही. दवाखाना कर्जतलाही आहे. तुझ्या बाबांनी माजघर चुन्यानं रंगवून काढलंय. कशाला विचारलं तर म्हणाले, वाळवी लागली होती. हे पत्र सासूबाईंना दाखव, रीतसर न्यायला आम्ही दोघं येतो. बाळ म्हणजे रडणारच, म्हणून तुझा काका आपण होऊन सरपंचाला विचारून आलाय. ठराव फक्त स्पीकरला लागू आहे. नातवाला किंवा नातीला दिवेलागणीनंतरही हवं तेवढं रडायची मुभा आहे.

वाट बघणारी, तुझीच
आई